पुनमबरोबर तीन पिक्चर

गुरुवार, १ मे
महाराष्ट्र दिन. दुकान बंद.
शिरपूरहून अक्काचा फोन. मोठी बहीण असल्यामुळे ती स्थळं आणते, मी ऐकतो. या वेळचं चांगलं आहे. सारिका, धुळ्यात एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट. नवरा जाऊन चार वर्षं झाली. नऊ वर्षांची मुलगी आहे, पुनम. सारिकाची एकच अट : आधी पुनमची ओळख होऊ दे, मग पुढचं बोलू. अक्का म्हणाली, सुट्ट्या आहेत, पोरीला पिक्चर दाखव.
म्हणजे काम झालंच. लहान मुलं माझ्यावर जीव टाकतात. शेजारची दोन वर्षांची शीतल मला पाहिलं की आईच्या मागे लपते. खेळकर आहे.
मी बेचाळीस. धरणगावात ठिबकच्या नळ्यांचं स्वतःचं दुकान. केस बऱ्यापैकी. आजवर लग्न झालं नाही, कारण मी घाई केली नाही.

शनिवार, ३ मे
अभ्यास पूर्ण. फोनवर अकरा ट्रेलर पाहिले. निष्कर्ष : कार्टूनच्या पिक्चरला गोष्ट नसते. डोळे मोठे, डोकं मोठं, शेवटी मिठी. मोठ्या माणसावर परिणाम होणं शक्य नाही. पुनमला अधूनमधून समजावून सांगेन.

रविवार, ४ मे. परतीच्या बसमध्ये
धुळ्याला गेलो. अस्वलाचं पिल्लू बर्फात हरवलेल्या बापाला शोधतं. मी पुनमकडे झुकून म्हणालो, या पिक्चरांमध्ये बाप नेहमी सुरुवातीलाच जातो. मग आठवलं. सारिका पडद्याकडेच बघत राहिली. विषय सावरायला मी बर्फ कसा तयार होतो ते सांगितलं. इंटरव्हलपर्यंत.
शेवटी बाप सापडत नाही. त्याच्या पंजाचा ठसा सापडतो. पिल्लू त्यात आपला पाय ठेवून बघतं. पाय लहान पडतो. इथे दिग्दर्शकाने अतिरेक केला आहे.
एसी नेमका माझ्या डोळ्यांवर येत होता. पुनमने न बोलता रुमाल दिला. मी खुलासा केला : बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत हिमालय, डोळ्यांना सोसत नाही. ती 'बरं' म्हणाली.
एकूण छाप उत्तम.

सोमवार, ५ मे
अक्काने विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, पिक्चर साधारण, रंग चांगले, मधे जरा रेंगाळतो. अक्का म्हणाली, "भाऊ, पोरगी तुले दखी रायनी व्हती, पिक्चर नही."
सारिकाने तिला सांगितलं म्हणे, पोरगी पिक्चर सोडून मलाच बघत होती. अक्काला सिनेमातलं काही कळत नाही.
पुढचा पिक्चर राक्षसाचा, जळगावला. पुनमचाच हट्ट. घाबरलेल्या मुलांना आधार लागतो. आधार देणं हा माझा स्वभाव आहे.

रविवार, ११ मे. संध्याकाळी
राक्षस समुद्रातून येतो. चाळीस मजली. माझी मतं :
एक, एवढं जनावर खातं काय? अख्ख्या तालुक्याचा कडबा त्याला एक दिवस पुरणार नाही.
दोन, तो कायम उंच इमारतींतच का घुसतो? आमच्याकडे आला तर निदान ऐसपैस उभा राहील.
दुसऱ्या मतावर पुनम हसली. खूप हसली.
मग सगळे तळघरात लपतात. दिवा लुकलुकतो. मला पक्कं ठाऊक होतं की तो मागून येणार. तो वरून आला. त्या वेळी जी किंकाळी आली ती माझी होती, असं पुढच्या रांगेतल्या लोकांचं म्हणणं. निम्मे पॉपकॉर्न सारिकाच्या केसांत.
पुनमने माझा हात घट्ट धरला. बिचारी घाबरली असणार. मी म्हणालो, घाबरू नकोस, मघाशी माझ्या पायात गोळा आला होता. तिने लगेच हात काढून घेतला. म्हणजे धीर आला.
साखरपुड्यासाठी शर्ट शिवायला टाकला.

मंगळवार, १३ मे. दुपारी
सारिकाचा फोन. नाही म्हणाली.
मी विचारलं, किंकाळीमुळे का? ती म्हणाली, "उलट तेच तिला आवडलं होतं. अस्वलाच्या पिक्चरनंतर घरी येताना म्हणाली, काका माझ्यासारखेच रडतात. पण तुम्ही एसीवर ढकललं. मग पायात गोळा. तिचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा आम्ही सगळे तिला रोज सांगायचो, बरे होतील. आता तिला कोणी छोटंसं खोटं बोललं तरी चालत नाही. माझाही इलाज नाही हो."
मी 'समजलं' म्हणालो. शेवटी माझा आवाज नीट पोचला नसावा. नेटवर्क.

बुधवार, १४ मे
बरंच झालं. मुलांच्या पिक्चरमध्ये तसाही दम राहिलेला नाही. सगळं कॉम्प्युटरवर करतात.
दुकानात मन लावायचं. पहाटे फिरायला जायचं. उद्यापासून.

गुरुवार, १५ मे
गेलो नाही.
नेटवर्कचं परवा लिहिलंय ते खोटं आहे.

शुक्रवार, १६ मे
सारिकाला फोन केला. म्हणालो, लग्नाचं राहू द्या, पुनमबरोबर आणखी एक पिक्चर बघायचा आहे. ती 'थांबा' म्हणाली. मग पुनमला विचारून आली. पुनमची अट : काकांनी काहीही समजावून सांगायचं नाही.
मान्य.

रविवार, १८ मे. धुळे बसस्टँड
उत्तर अजून 'नाही'च. सारिकाने थिएटरच्या दारातच सांगितलं, आज फक्त पिक्चर.
म्हातारा ड्रॅगन आणि त्याला सांभाळणारी मेंढपाळ मुलगी. कंट्रोल केलं. तासभर एक अक्षर बोललो नाही. मग ड्रॅगनचे पंख गळायला लागले आणि माझ्याच्याने राहवेना. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. पुनमकडे झुकलो आणि सगळं सांगायला लागलो. की मी आत्ता रडतोय. मागे दोन्ही वेळा काय झालं होतं. की मी अंधाराला घाबरतो, एकटा जेवायला कंटाळतो, आणि मुलांशी काय बोलायचं ते मला कधीच कळलेलं नाही. कोणाला हे पहिल्यांदाच सांगत होतो.
पुनमने पडद्यावरची नजर काढली नाही.
"माहितीये काका," ती म्हणाली. "आता गप बसा ना, तो मरतोय."