शेवटच्या नळाला आलेलं पाणी

नाना, काल आमच्याकडचा गिझर बंद पडला आणि नातवाने आंघोळीला साफ नकार दिला. सून त्याला म्हणाली, "अरे, आजीचे वडील धुळ्याच्या थंडीत गार पाण्याने न्हायचे." त्याने मला विचारलं, "का न्हायचे?" मी त्याला एक उत्तर दिलं, आणि तेव्हापासून माझं कशात मन लागत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागावणं शोभत नाही. आणि हा राग नाहीच. ही लाज आहे, निम्मी तुमची, निम्मी माझी.

पासष्टच्या लढाईनंतरचे दिवस. मी अकरावीत, तुम्ही नगरपालिकेत ओव्हरसियर. कापडगिरणीच्या बॉयलरघरातलं कढत पाणी रात्रंदिवस गटारीला जायचं. ते नळाने गल्ल्यागल्ल्यांत आणायचं, म्हणजे घरोघरचं जळण वाचेल, अशी योजना सरकारदरबारी मान्य झाली आणि नकाशा काढायचं काम तुमच्याकडे आलं. तुमचा आनंद काय वर्णावा! जेवताना तुम्ही ताटातच योजना मांडायचात. ठेच्याचा गोळा म्हणजे गिरणी, कळण्याची भाकरी म्हणजे आपली गल्ली, मधे ठेवलेली कांद्याची फोड म्हणजे खालची गल्ली. "सरळ खालच्या गल्लीतून लाइन आणली की पाणी कढतच्या कढत येतं," तुम्ही आईला सांगत होतात. "नियम दोनच. शेवटच्या नळाला पाणी हाताला चटका देईल असं आलं पाहिजे, तरच वाढीव लाइनला मंजुरी. आणि वाढीव लाइन पास झालेल्या मार्गावरूनच पुढे न्यायची, नवी वाट फोडायची नाही." आई म्हणाली, "आधी जेवा, मग सरकार चालवा." ते दोन नियम मला तेव्हापासून पाठ आहेत. पाठ नसते तर बरं झालं असतं.

खालच्या गल्लीत दाईअक्का राहायची. मी आणि धाकटा भाऊ, दोघेही तिच्याच हातावर जन्मलो. आईच्या बाळंतपणात ती दहा दिवस आमच्या न्हाणीत वावरायची, आणि अकराव्या दिवशी आई तीच न्हाणी शेणाने सारवून घ्यायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. नळ येणार हे कानावर गेलं तशी ती आपल्या ओट्याशी आली, पायरीखाली उभी राहून बोलली. "नाना, आम्हनी गल्लीमाईन नळ जाऊ द्या. बाळंतीणले कढत पाणी लागस. तुम्हना दोन्ही पोरेस्ले पहिली आंघोळ मीच घाली." तुम्ही म्हणालात, "अक्का, नकाशात तीच वाट आहे." आणि ती खरोखरच होती.

मग आपल्या गल्लीतली मंडळी आली. सगळ्यात पुढे कापडाचे व्यापारी शेठजी, दर एकादशीला आपल्याकडे फराळाचं पाठवणारे. ते गोडच बोलले. "ओव्हरसियरसाहेब, नळ हवाच आहे. पण आधी त्यांच्या गल्लीतून फिरलेलं पाणी आमच्या देवघरात कसं घ्यायचं, तुम्हीच सांगा." तुम्ही एकदाच म्हणालात, "शेठजी, पाणी लोखंडाच्या नळातून येतं." पुन्हा म्हणाला नाहीत. नकाशातली वाट बदलली. लाइन कचेरीच्या मागून, नाल्याच्या कडेने, सगळ्या गावाला वळसा घालून आली. तुम्ही तिला गिरणीतला टाकाऊ कापूस आणि गोणपाट गुंडाळलंत, पण द्राविडी प्राणायामच तो. शेवटचा नळ ज्याला होता, त्या आपल्या गल्लीच्या हौदाला पोहोचेपर्यंत पाणी कोमट व्हायचं. थंडीत तर कोमटही नाही.

तपासणीचे साहेब नाशिकहून यायचे होते, त्या सकाळी तुम्ही मला बरोबर घेऊन खालच्या गल्लीत गेलात. दाईअक्का चुलीपुढे होती. तुम्ही दारातूनच म्हणालात, "अक्का, गिरणीच्या मोरीचं कढत पाणी चार बायका लावून आमच्या हौदात आणून टाका. साहेबांनी पास केलं की पुढची लाइन तुमचीच." मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. दुसरा नियम, पुढची लाइन पास झालेल्या मार्गावरूनच, तुम्ही विसरला असाल असं क्षणभर वाटलं. पण तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि मला कळलं.

त्या बायका येतात. डोक्यावर हंडे, हंड्यांतून वाफा, सरळ खालच्या गल्लीतून, तुमच्या पहिल्या नकाशातल्या वाटेने. शेठजी हौदाचं झाकण स्वतः उघडून धरतात आणि जरा मागे सरतात. अक्का आपल्या हाताने हंडा रिकामा करते. कुणी देवघराचं नाव काढत नाही. साहेब येतात, तोटी सोडतात, हात झटकन मागे घेतात आणि हसून म्हणतात, "वा, झकास." लाइन पास होते. साहेबांची जीप वळली, तशी गल्लीने हौद उपसायला घेतला. आईने आतून घासला, गोमूत्र शिंपडलं. तुम्ही ओट्यावर बसून चपलेचा अंगठा नीट करत होतात. मी आईला पाण्याच्या बादल्या देत होते.

वाढीव लाइन झाली ती पास झालेल्या मार्गावरून, शेठजींच्या भावकीच्या गल्लीत. त्यानंतर अक्का एकदाच आली. "नाना, आम्हनी गल्लीनं काय व्हयनं?" तुम्ही म्हणालात, "नियमात बसत नाही, अक्का." ती भांडली नाही. नुसतं विचारलं, "आनि तो हौद? धुई टाका का तुम्हीन?" तुम्ही चपला घालून कचेरीला निघालात. मी दाराआड होते, बाहेर आले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला सांगितलंत, "बंब माझ्यासाठी पेटवू नकोस. नळाचंही पाणी नको." पुढे बहात्तरच्या दुष्काळात गिरणीलाच पाणी पुरेना, तो नळ बंद पडला, गोणपाट लोकांनी काढून नेलं. तुमचं गार पाणी मात्र सुटलं नाही. पौषात न्हाणीतून तुमचे दात वाजलेले ऐकू यायचे. आई म्हणायची, खूळ आहे. शेजारी म्हणायचे, केवढा निग्रह. अक्कासमोर जाऊन दोन शब्द बोलणं तुम्हाला जमलं नाही, म्हणून तुम्ही स्वतःच्या अंगावर पाणी ओतत राहिलात. त्याने तिच्या गल्लीत एक थेंब गेला नाही, नाना. हे तुम्हालाही ठाऊक असणार.

तुमच्या शोकसभेत मी बोलले होते, 'आमचे नाना शिस्तीचे, उभा जन्म गार पाण्याने आंघोळ केली.' लोकांनी माना डोलावल्या. मागे, चपलांपाशी, दाईअक्का बसली होती. पार थकली होती. तीच एकटी माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती. काल नातवालाही मी तेच सांगितलं, शिस्त. आता हे पत्र कपाटात कुठेतरी जाईल, त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी.

आणि एक. तुम्ही निदान गार पाणी घेतलंत. मी काल आंघोळच केली नाही. गिझर दुरुस्त होईपर्यंत थांबले.