अनुक्रमणिकेत सडेवाडी कुठे?

३ फेब्रुवारी, सोमवार
सरचिटणीसपद माझंच. तेवीस तारखेला ग्रामस्थ मंडळाची वार्षिक सभा आणि निवडणूक, घाटकोपरला. मंडळाची वेबसाइट मी एकटा सांभाळतो. गावात एवढं टेक्निकल डोकं दुसरं नाही, मग निवडणार कुणाला?
अध्यक्ष राजारामकाकांचा फोन. म्हणाले, तुझी ती शिमग्याची पोस्ट वाचूक घेतली, सरकवून सरकवून अंगठो झिजलो, आमची आंबेवाडी काय येवक नाय. पोस्ट लांब आहे, कारण तिच्यात अभ्यास आहे. तरी उपाय सुचला. वर अनुक्रमणिका द्यायची. वाडीच्या नावावर क्लिक केलं की थेट आपली वाडी. सभेत पडद्यावर दाखवणार. चारही वाड्यांची मतं खिशात.
संकल्प: काम शांतपणे करणे. माझा स्वभाव मुळात शांतच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
अनुक्रमणिकेचं प्लगिन टाकलं. वेबसाइट पांढरीफटक. काढून परत टाकलं. तेच. कीबोर्डला हलकीशी चापट मारली तर तीन बटणं उडाली. हल्ली मालच हलका येतो. श्रुतिका म्हणाली, लॅपटॉप माझा होता. बायको असून मदत सोडून हिशेब.

९ फेब्रुवारी, रविवार
झालं. झकास. पोस्टमधली हेडिंगं बघून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. कौतुकाची वाट बघतोय.
दुपारी: कौतुक नाही. शिव्या. लिहिताना देऊळवाडीचं, म्हणजे माझ्या वाडीचं, हेडिंग जरा मोठं केलं होतं. दिसायला बरं म्हणून. बाकी तिघांचं लहान. प्लगिनने मोठं ते मुख्य धरलं आणि लहान ते त्याच्या पोटात घातलं. त्यामुळे एक नंबरला देऊळवाडी आणि तिच्याखाली, आत सरकवून, सडेवाडी, बंदरवाडी, आंबेवाडी. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून आमच्या गावात डोकी फुटली आहेत, मान्य. पण ते जुन्या काळी. हे डिजिटल आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार
श्यामसुंदरने बोलावलं. श्रुतिकाचा भाऊ, सडेवाडीचा. साकीनाक्याला लेथ मशीनचा गाळा आहे त्याचा. विचारलं, सडेवाडी देऊळवाडीच्या पोटात कधी गेली रे? मी शांतपणे हेडिंगची लेव्हल समजावली. त्याने कानाखाली मारली. मी हात उचलला नाही. स्टूल उचललं. ते त्याच्या खांद्याला लागलं, पण ते तो मध्ये आला म्हणून. मग त्याने माझी कॉलर धरून डोकं शटरवर आपटलं. आवाज फार झाला, लागलं तेवढं नाही. कपाळावर टेंगूळ आहे.
श्रुतिकाला सांगितलं, रिक्षातून पडलो. तिला श्यामसुंदरचा फोन आधीच आला होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
तोडगा काढला. चारही हेडिंगं सारखी आणि क्रम अकारविल्हे. आधी आंबेवाडी, मग देऊळवाडी, बंदरवाडी, शेवटी सडेवाडी. यात कुणाचा बाप काही बोलू शकत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
लवूदादा बोलला. बंदरवाडीचा. थेट बोरिवलीला आमच्या बिल्डिंगखाली आला आणि हातातली सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या तोंडावर मारली. म्हणे, बंदरवाडी तिसरी? मेल्या, आमच्याशिवाय तुमची पालखी खाडी उतरता काय? मी फक्त ढकललं. तो कुंड्यांवर पडला, कुंड्या फुटल्या. सोडवायला आलेल्या वॉचमनच्या दातांना माझं कोपर लागलं. त्याला सॉरी म्हटलं.
राजारामकाका मात्र खूश. आंबेवाडी पहिली ना.
संकल्प: उद्यापासून प्राणायाम.

१९ फेब्रुवारी, बुधवार
प्राणायाम उद्यापासून. आज सुचलंय ते कुणाला सुचलं नसतं. आता दर वेळी पान उघडलं की क्रम आपोआप बदलतो. कधी बंदरवाडी पहिली, कधी सडेवाडी. प्रत्येकाला मान. कुणाला काही सांगितलं नाही, सभेत सरप्राइज.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
ग्रुपवर एक शिवी नाही. श्यामसुंदरने तर अंगठा पाठवला. माणसं समजूतदार असतात, फक्त लीडर लागतो. भाषण तयार. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी, दवाखान्यात
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरात.
पडद्यावर पान उघडलं. बंदरवाडी पहिली. लवूदादाने शिट्टी मारली. श्यामसुंदर मोबाइल उंच धरून उठला. त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये सडेवाडी पहिली. राजारामकाकांच्या स्क्रीनशॉटमध्ये आंबेवाडी. प्रत्येकाने आपली वाडी वर दिसली त्या क्षणी फोटो काढून सभेसाठी जपून ठेवला होता. कुणी बदललं, असा ओरडा झाला. मी माइक घेऊन अभिमानाने सांगितलं की मी बदललं, आणि ते दर वेळी बदलत राहणार.
मग खुर्च्या उडाल्या. लवूदादाने माइकचा स्टँड फिरवला तो माझ्या हातावर बसला. प्रोजेक्टर कुणाच्या तरी डोक्यात फुटला. राजारामकाकांच्या नाकातून रक्त आलं. तिथे माझी मूठ होती, पण मी ती हवेत फिरवत होतो. श्यामसुंदरचा कान माझ्या दातांत सापडला. कसा, ते मला माहीत नाही. भुवईला टाके पडलेत. ते खुर्चीने पडले की बुटाने, डॉक्टरांनाही सांगता येईना.
एक मात्र खरं. चारही वाड्या एकत्र आल्या. देऊळवाडीची माझी सख्खी चुलत भावंडंही त्यांच्यात होती. सगळे मिळून माझ्यावर होते, पण एकत्र आले. हे नेतृत्वच.
मला उचलून बाहेर नेलं. निवडणूक व्हायची होती. सहानुभूतीची मतं धरली तर अजून चान्स आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मंडळाची माणसं घरी आली. राजारामकाकांच्या नाकाला पट्टी, श्यामसुंदरच्या कानाला पट्टी, लवूदादा लंगडत. हातात हार. मी प्लास्टरवरून शर्ट चढवला. एक बाही लोंबत राहिली. मान पुढे केली.
काका म्हणाले, श्रुतिका खंय?
मला बाहेर काढल्यावर सभा शांत झाली म्हणे. श्रुतिकाने जागेवर बसून, पासवर्ड तिला ठाऊक होताच, मोबाइलवरून चारही वाड्यांच्या चार वेगळ्या पोस्टी केल्या. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. अनुक्रमणिका काढून टाकली. सडेवाडीची मुलगी, देऊळवाडीची सून, म्हणून तिला सरचिटणीस केलं. मंडळात पहिल्यांदाच एकमताने काही झालं.
मी म्हटलं, टेक्निकल बाजू मी बघेन. श्रुतिकाने पासवर्ड बदललाय.
सोफ्यावर जागा नव्हती, मला उठायला सांगितलं. मग मीच म्हटलं, चहा ठेवतो. डाव्या हाताने ठेवला. कुणाला किती साखर, ते आतून विचारलं.
राजारामकाका म्हणाले, सरचिटणिसांका विचार.