अंगठा एक, वैद्य दोन

चि. गंगम्मा हिला सोलापुराहून अक्काचे आशीर्वाद. (अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. मागल्या खेपेला चष्मा इथंच विसरून परक्याची पिशवी घेऊन अक्कलकोटच्या गाडीत बसलीस, म्हणून ओळख सांगून ठेवते.) तुझ्या यजमानांचा, रुद्रप्पांचा गुडघा कसा आहे? इकडं सगळे खुशाल, एक माझा डावा अंगठा सोडून. वांगी चिरताना विळीवर गेला.

जखम एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. पण आमच्या सिद्धारामानं पोस्टानं होमिओपॅथी शिकून घेतली आहे (हे पत्र तोच लिहितोय), आणि त्याला अजून रोगी मिळाला नव्हता. समोर बसून विचारतो, "आई, अंधाराची भीती वाटती का? रडू कधी येतं? कुठल्या कुशीवर झोपतीस?" म्हटलं, "बाबा, अंगठा कापलाय की!" तर म्हणे औषध अंगठ्याला नसतं, माणसाला असतं. मग साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या. त्यांना हात लावायचा नाही, झाकणातून जिभेवर टाकायच्या. आणि वासाचं काही खायचं नाही. लसूण बंद, कांदा बंद.

तोवर सूनबाई दानम्मानं परसातला दगडीपाला वाटून, हळद घालून, अंगठ्यावर लेप बांधला. तिचं म्हणणं, वांग्यानं नि शेंगदाण्यानं जखम चिघळते. ते बंद. आता बघ, नवऱ्यानं लसूण काढला, बायकोनं शेंगदाणा. शेंगाचटणीत राहिलं काय? तो म्हणतो हळदीच्या वासानं गोळीचा गुण जातो. ती म्हणते गोळीतल्या साखरेनं जखम ओली राहते. मी दोघांकडं बघून मान हलवते. कुणाला व्हय म्हटलं आणि कुणाला न्हाय, माझंच मला आठवत नाही.

सिद्धाराम म्हणतो, लिहितो की गुण गोळ्यांचा येतोय. लिहू दे.

तुझी अक्का

ता. क. सिद्धाराम दुकानावर गेला. हे दानम्मा लिहितेय. गुण लेपाचा येतोय.

आणखी ता. क. दानम्मा नळावर गेली. दारात पोस्टमन निंगप्पा आलाय, त्याच्या हातून लिहून घेते. अंगठा कधीच बरा झालाय. पण फडकं सोडलं की विचारणार, कुणाच्या औषधानं? एकाचं नाव घेतलं की दुसरं रुसणार, नि मला तरी कुठं कळलंय? त्या दोघांच्या आधी मी देवापुढची विभूती दाबली होती, तिचा गुण कुणाच्या पदरात घालू? निंगप्पा म्हणतो, एवढीशी जखम आपोआप भरती. त्याला काय कळतंय.

तर फडकं काही सुटत नाही, आणि चटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नाही. तू डबाभर शेंगाचटणी पाठव, लसूण सढळ हातानं घाल. घरी नको, निंगप्पाच्या नावानं. डब्यावर "औषध" लिही. नको, मग दोघंही उघडून बघतील. "जुने कपडे" लिही. आणि लिहिलंस म्हणून खरंच जुने कपडे पाठवू नकोस.