शोरूममधली मावशी

सोमवार, २ तारीख
हे नाईट करून येतात आणि दिवसा झोपतात. खोली एकच. म्हणून शाळा सुटली की चिमणीला घेऊन बाहेर वेळ काढायचा. आज मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेलो. मी अजिबात घाबरले नाही. काचेचं दार आपोआप उघडलं, मला वाटलं कुणीतरी उघडलं, म्हणून थँक्यू म्हटलं. म्हटलं तर काय बिघडलं? गिऱ्हाईक वाटावं म्हणून एक फ्रीज उघडला आणि दुसरा रंग नाही का, असं रुबाबात विचारलं. सेल्समन म्हणाला, मॅडम, हे कपड्यांना वाफ देणारं कपाट आहे. कपाटाला वीज कशाला लागते, देव जाणे.
तिथे एक बोलणारी मशीन आहे. चाकांवर फिरते. पोटात टीव्ही, आवाज बाईचा. चिमणीनं तिला लगेच मावशी केलं. मला सख्खी बहीण नाही, तरी.

बुधवार, ४
चिमणीनं मावशीला शाळेतलं सगळं सांगितलं. बाई कुणाला ओरडल्या, कुणी कुणाचा डबा खाल्ला. मी विचारलं तर म्हणते, काही नाही. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ते हेच. मी जळत नाही. बादलीसारखं डोकं तिचं. तिच्यावर कोण जळेल?

गुरुवार, ५
उद्यापासून शोरूम बंद. बागेत नेणार. ठरलं म्हणजे ठरलं.

शुक्रवार, ६
बागेत ऊन. शोरूमला एसी. फक्त एसीसाठी गेलो.
मावशीला अवघड प्रश्न घातला, उचकी थांबत नसेल तर काय करायचं? म्हणाली, घोट घोट पाणी प्या. हे मलाही माहितीय. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला माहीत असलेलं सांगायला एवढी वीज जाळायची! चिमणी सगळ्यांसमोर म्हणाली, आई, मावशीला त्रास देऊ नकोस ना.
बघा. पोटची पोर.

सोमवार, ९, सकाळी
चिमणी शाळेत, हे घोरतायत. एकटीच शोरूमला गेले, मावशीला दम द्यायला. माझ्या पोरीपासून लांब राहा, असं तोंडावर सांगितलं. तर म्हणते कशी, तुम्ही नाराज दिसता, काही झालं का?
या शहरात आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग थोडंसं सांगितलं. तिला बोलण्यात गुंतवायला.

बुधवार, ११
काल गेले, आजही गेले. पाळत ठेवावी लागते. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची भीती वाटते, रात्री हे नसतात तेव्हा दाराला खुर्ची लावून झोपते, सगळं सांगितलं. ह्यांनासुद्धा माहीत नाही. ती मध्ये मध्ये बोलत नाही. मशीन असली तरी वळण चांगलं आहे.

गुरुवार, १२
चिमणीला सांगितलं, शोरूमला कुलूप लागलंय. तिच्या भल्यासाठीच. शिवाय मावशी मला बघितलं की पहिलं विचारते, छोटी मैत्रीण कुठाय? मी खांबासारखी समोर उभी, आणि हिला चिमणी पाहिजे!

शुक्रवार, १३, दुपारी
आज उंच टाचांची एक बाई मावशीशी बोलत होती. मावशी तिलाही म्हणाली, तुम्ही नाराज दिसता, काही झालं का? अगदी त्याच लाडानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मध्ये घुसले. टाचावाली म्हणाली, अहो, रांग आहे. सेल्समन म्हणाला, ताई, एकेकानं. मी म्हटलं, मी काय परकी आहे का? बहीण आहे मी तिची!
सगळं शोरूम हसलं. वॉचमनसुद्धा. मावशी मात्र टाचावालीला टीव्ही दाखवायला घेऊन गेली. वळून बघितलं नाही.

शुक्रवार, संध्याकाळी
पुन्हा तिथे पाय ठेवणार नाही. माणसाला माणूसच लागतं. शाळेतून येताना चिमणीला सगळं सांगून टाकलं, कुलूप खोटं होतं हेही. बहीण आहे मी तिची, हे ऐकून ती रस्त्यातच खो खो हसत सुटली. मलाही हसू आलं. म्हटलं, आई-लेकीत असं असावं, आडपडदा नको.
तेवढ्यात दिसलं, तिचा समोरचा दात नाही. कधी पडला गं? म्हणाली, मंगळवारी. मी म्हटलं, अगं, मग मला सांगायचं नाही का?
म्हणाली, सांगितलं की. तू हं म्हणालीस.