रक्त फिरवून येते

माय,

तुझी ती युरियाच्या गोणीची पिशवी केव्हाच विरून गेली. मी तशीच एक नवीन शिवून घेतली आहे. इथल्या शिंप्यानं आधी गोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मॅडम, कापडाची देतो की शिवून. ही चांगली न्हाई दिसायची." म्हटलं, हीच शिव. तो मशीनवर बसून गालातल्या गालात हसत होता. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेली बाई खताची पिशवी घेऊन लातूरच्या रिंग रोडनं भटकणार म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. तुला येणार नाही, कारण ही खोड तुझीच.

मी चौथीत होते तेव्हा तू आडवी झालीस. ताप नाही, खोकला नाही, घरात काही वाईट घडलेलं नाही. आपल्या कंधारात बिनकारणाचं दुखणं कुणाला पचत नसे. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं सुस्ती हाय. मग भोकरहून आत्या आली आणि पदर खोचून तिनं सगळं घर ताब्यात घेतलं. आत्या मायाळूच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिनं तुझ्या हातातला झाडू घेतला, हापशावरचं पाणी घेतलं, भाकरी घेतल्या, माझ्या वेण्यासुद्धा घेतल्या. आल्यागेल्याला सांगायची, "पडू द्या तिला. लई राबली. आराम करू द्या." आपल्याकडे बिमार माणसावर माया करायची म्हणजे त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं, दुसरी रीत कुणाला ठाऊकच नाही. तू स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस, आणि आराम जितका जास्त तितकी तू आमच्यापासून लांब जायचीस. मी चहा घेऊन येते. तू न वळता म्हणतेस, "ठेव तिथं." बस, तेवढंच. केसांवरून नाही, अभ्यासावरून नाही, कशावरूनही तू मला बोलत नव्हतीस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं आणि तुझा माझ्यावरचा जीव उडाला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. त्या वयात असलं काही सांगायचं कसं हेच माहीत नसतं.

मग एका सकाळी तू उठलीस आणि खुंटीवरची पिशवी काढलीस. आत्यानं विचारलं, "कुठं निघालीस?" तू म्हणालीस, "कोथमिरीला." "घरात हाय की जुडी." तू चपला घातल्यास. परत आलीस ती रिकाम्या पिशवीनं. म्हणे कोथमीर चांगली नव्हती. दुसऱ्या दिवशीही ती चांगली नव्हती, तिसऱ्या दिवशीही. त्या साली तू कंधारच्या कोथमिरीची इतकी बदनामी केलीस की भाजीवाल्या बायकांच्या कानावर गेलं असतं तर भांडणच झालं असतं. पुढं एकदा मलाही सोबत नेलंस. आपण भाजीबाजार ओलांडून सरळ तळ्याकडे गेलो, पाळीवरून पार टोकापर्यंत, आणि परत. वाटेत जी भेटेल ती विचारायची, कुठं निघालीस गं? बाईमाणसानं नुसतं चालायला बाहेर पडायचं, असं तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. हातात पिशवी असली की एका शब्दात सुटका व्हायची. तू एकीला कोथमीर सांगितलीस, दुसरीला काडेपेटी. मी विचारलं, "माय, आपण खरंच कुठं चाललोय?" तू म्हणालीस, "कुठं न्हाई गं. रक्त फिरवून येऊ. पडून पडून साकळून राहिलंय."

असं किती दिवस चाललं ते आठवत नाही. आठवते ती एकच सकाळ. तळ्यावरून परतताना तू मधेच थांबलीस, माझ्या केसांत बोटं घातलीस आणि भर रस्त्यात कडाडलीस, "काय गं ह्या झिपऱ्या? तेल न्हाई, फणी न्हाई. तोंड न्हाई का तुला, आत्याला सांगायला?" मी हमसून रडायला लागले. तुला वाटलं, तू रागावलीस म्हणून मी रडते आहे, आणि तू पदरानं माझं तोंड पुसलंस. तसं नव्हतं माय. तू रागावलीस म्हणजे तू परत आलीस, हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. आत्या पुढच्या आठवड्यात भोकरला गेली. ते दुखणं नंतरही अधूनमधून डोकं वर काढायचं, पण तू पिशवी उचलायचीस. मी कॉलेजात असताना तू गेलीस ती काविळीनं, त्या दुखण्यानं नाही. नातेवाईक काहीही म्हणोत.

निवृत्त झाल्यावरच्या हिवाळ्यात माझा नंबर लागला. सकाळी डोळे उघडायचे, पण उठण्यात काही राम वाटायचा नाही. मनात एकच घोळायचं, अखेर आईचं आलंच आपल्यात, आता भिंत आहे आणि आपण आहोत. घरच्यांनी मग तेच केलं जे आत्यानं केलं होतं. सून गुणी आहे. म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं बसा." आमच्या यांनी दुधाची पिशवी आणायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचं कामही गेलं. मी नुसती बसून राहिले आणि दिवसेंदिवस जड होत गेले. शेवटी हेच मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसभर काय करून राहिल्या मग?" म्हटलं, काहीच नाही, कुणी करूच देत नाही. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि खाली लिहिलं, रोज सकाळी चालणे, दम लागेल इतपत.

माझ्यातली मास्तरीण तेवढी जागी होती. मी म्हटलं, चालल्यानं मनाला काय होणार, नीट सांगा. त्यांनी सांगितलं. उदासी लांबली की ताणाची रसायनं अंगात रेंगाळतात आणि मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग पुष्कळांत थोडा आकसतो. शरीरात बारीकशी सूज राहते, तिच्यापायी रक्तात एक पदार्थ वाढतो आणि तो मेंदूत शिरून त्रास देतो. स्नायू रोज चालते ठेवले तर ते त्या पदार्थाचं रूपच पालटतात, मग त्याला मेंदूचा उंबरा ओलांडता येत नाही. शिवाय व्यायामानं मेंदूत एक प्रथिन वाढतं, त्याच्या जोरावर पेशी एकमेकींना नव्यानं धरू लागतात. "मॅडम, ते मेंदूचं खत समजा," त्या म्हणाल्या. खत म्हटल्याबरोबर मला तुझी युरियाची पिशवी दिसली आणि मी फसकन हसले, कित्येक महिन्यांनी. हे दचकून माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी पुढं दमही भरला, की सगळ्यांना सारखा गुण येत नाही, यातलं बरंच अजून उलगडायचं आहे, आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मी मान हलवत होते, पण मनात तुझंच वाक्य फिरत होतं. रक्त फिरवून येऊ.

त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला इतकं हलकं वाटलं, की आजार तसाच असूनही बरी झाल्यासारखी बसले होते. ती सुस्ती नव्हती. तू आळशी नव्हतीस. आणि तुझा माझ्यावरचा जीवही उडाला नव्हता. तो होताच, त्याला वर यायला ताकद उरली नव्हती, एवढंच. चौथीतली ती पोर इतकी वर्षं माझ्या आत चहाचा कप धरून उभी होती, तिला मी सांगितलं, जा, खेळ आता.

चालणं सोपं गेलं असं मात्र समजू नकोस. पहिले काही आठवडे मी फाटकापर्यंत जाऊन परत यायचे आणि सगळ्यांवर चिडायचं सोडून नुसती गप्प बसायचे. मग पिशवी शिवून घेतली. आताशा इथं बायका बूट घालून खुशाल चालतात, कुणाला काही सांगावं लागत नाही, पण मला पिशवीशिवाय पाय उचलवेना. एके दिवशी भाजीवाल्यानं खरोखरच पिवळी पडलेली कोथमीर माझ्या हातात ठेवली. मी त्याला असं फैलावर घेतलं की दुकानातल्या बायका थबकल्या. घरी येऊन यांना सांगितलं तर यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "लई दिवसांनी भांडलीस." सुनेनं त्याच संध्याकाळी दुधाचं काम मला परत दिलं.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच. साड्यांच्या घडीखाली ठेवून देईन. फक्त एक कबूल करायचं आहे. आज सकाळी मी वळणाच्या पुलापर्यंत जाऊन आले, चांगली दम लागेस्तोवर. घरी येऊन हात धुतले, पुसले, आणि खुंटीकडे लक्ष गेलं. पिशवी तिथंच होती. न्यायची विसरले होते, आणि सगळ्या वाटेत एकदाही तिची आठवण झाली नाही, तुझीही नाही.

रागावायचं असेल तर रागाव.