सुमाची पाणपोई

४ मे, उइटहॉर्न
मुलाने, नितीनने, गावाबाहेर भाड्याने घेतलेली ही बाग. शेजारच्या बागांना नळ नाही, आपल्यात तेवढा हातपंप. सुमा होती तोवर सगळे तिच्याकडूनच बाटल्या भरून न्यायचे. दवाखान्यात शेवटी म्हणाली, "पाणी बंद नका करू. वाटेने जाणाऱ्यालाही द्या." २ जूनला तिला जाऊन वर्ष होईल. आज फाटकाशी दोन माठ मांडले, चार बागांना पाइप टाकला. पाटीवर 'सुमतीच्या स्मरणार्थ', खाली तेच इथल्या लोकांसाठी डचमध्ये, इराच्या अक्षरात. नातीचं अक्षर सुरेख.

९ मे
सायकलवाले थांबतात. एक बाई दोन पेले प्यायली, 'लेकर' म्हणाली. छान, असं. नंतर चौथीतली नदीची कविता चालीवर म्हणत बसलो. दुसरं कडवं आठवेना. ते सुमाकडे असायचं.

१३ मे
बागसंघाच्या अध्यक्ष आन्सबाई आल्या. आधी पेलाभर प्यायल्या, मग कागद काढला. या भागात पिण्याचं पाणी पुरवायचा हक्क एकाच सार्वजनिक कंपनीला. दुसऱ्या कुणी पुरवायचं नाही. झाडांना घाला हवं तेवढं.
"मी विकत नाही," मी म्हटलं.
नितीन म्हणाला, "बाबा, फुकट दिलं तरी तो पुरवठाच. उद्या कोणी आजारी पडलं तर?"
इरा म्हणे, "सो आजीज वॉटर इज इल्लीगल?"


१४ मे
सकाळपासून देवरेअण्णा डोळ्यांपुढे. मी न. पा.च्या पाणी खात्यात होतो तेव्हाचे. स्वतःच्या विहिरीवरून आळीला नळ दिले होते त्यांनी. हद्दीत पालिकेखेरीज दुसरी नळयोजना चालणार नाही, ही नोटीस घेऊन मीच गेलो. त्यांनी आधी पाणी विचारलं. प्यायलो, मग कलम वाचून दाखवलं. पाणी गोड होतं. सांगितलं नाही.

२० मे
पाइप काढले. माठ पालथे. फाटकाशी नळ हवा म्हणून आन्सबाईंनी कंपनीला अर्ज केलाय. उत्तराला महिने लागतील.
"नळ आला तर पाटी राहील?" मी त्यांना विचारलं.
त्यांनी खांदे उडवले. बाई वाईट नाही.

२ जून
सुमाच्या फोटोला हार घालून बागेत आलो. ऊन कडक. दुपारी एक आई सायकलवरून उतरली, मागे लहान मुलगी, लालबुंद. पाटी वाचली. माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी उठलो. पंपाशी गेलो. दांडा दाबला, पेला भरला आणि आधी मुलीच्या हातात दिला.