तीनशे बारा रिकामे पत्ते

३ मार्च, सोमवार

सकाळी सात वाजता गुणीने लाथ मारून दार उघडलं. कडी उखडून बुटांच्या कपाटावर आदळली. मी कपड्यांना इस्त्री करत होते — वळेपर्यंत माझे केस त्याच्या मुठीत! 'ताई, पत्ता सांगा. कुठे लपवलंय तिला?' केस उपटतानासुद्धा अहोजाहो. आईने त्याला 'गुणी जावई' म्हणायला सुरुवात केली ती हे गोड बोलणं ऐकूनच. आई गेली, नाव राहिलं.

पत्ता मला ठाऊकच नाही. धाकटी त्याच्या घरातून पळाली त्याला पाच महिने झाले. जाताना तिने माझ्याकडून शपथ घेतली — विचारायचं नाही, शोधायचं नाही, ऑफिसच्या मशीनमध्ये नाव टाकून बघायचं नाही. 'तुलाच माहीत नसेल तर तो तुझ्याकडून काढणार काय?' मी त्याला तीनदा सांगितलं, ठाऊक नाही. तिसऱ्यांदा त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. मग मी इस्त्री त्याच्या हातावर टेकवली. चांगली दाबून.

खिडक्या सताड उघड्या ठेवल्यात तरी कातडीचा वास जात नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

पोलिसांत तक्रार दिली. लिहून घेतली. बस.

ओठ सुजलेला. शेजारच्या टेबलावरून जाड्या — 'कोणाला मारून आलीस?' म्हटलं, अजून मारायचंय, चौघींना. हसला. आमच्या धंद्यात शब्दच तो आहे. सेवा बंद करत नाहीत, मारतात.

इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात नीट बसेल. अमुक माणूस राहतो कुठे, या एका प्रश्नाला उत्तर देणाऱ्या आमच्या शहराच्या संगणक यंत्रणेत चार सेवा आहेत. पाणी खात्याची एक, शाळांची एक, दवाखान्यांची एक, आणि चौथी सगळ्यात जुनी, तिला आम्ही म्हातारी म्हणतो. चौघींचे माहितीचे साठे वेगळे, उत्तरं वेगळी. तोच माणूस पाणी खात्यात एकीकडे राहतो, दवाखान्यात दुसरीकडे, आणि शाळांच्या लेखी अजून जन्मायचाय! चौघींची मिळून एक नवी करायची, सगळ्या खात्यांना तिच्याकडे वळवायचं आणि या चौघींना मारायचं. सतरा तारखेपर्यंत.

म्हातारीचं एकच मोठं गिऱ्हाईक — पत्र विभाग. कोणाचा पत्ता बदलला की तिथून कुटुंबप्रमुखाला आपोआप पत्र जातं. 'आपल्या कुटुंबातील अमुक यांचा पत्ता पुढीलप्रमाणे बदलला आहे. चूक असल्यास कळवावे.' माणूस हात लावत नाही. छापलं, पाकिटात गेलं, निघालं.

७ मार्च, शुक्रवार

म्हातारीत तीनशे बारा जणांचे पत्ते रिकामे! नावं आम्हाला दिसत नाहीत, नुसते क्रमांक. पण स्त्री की पुरुष ते दिसतं. तीनशे बारापैकी दोनशे नव्व्याण्णव बायका. डोकंच फिरलं. बाप्यांचे पत्ते पिनकोडासकट, आणि बाईचा लिहायची वेळ आली की पेन मोडतं! हातातला कप टेबलावर आपटला. कान तुटला. कपाचा.

म्हातारीचा प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांनी आतमध्ये एक ओळ लिहून ठेवलीय — 'जे रिकामं आहे ते रिकामंच राहू द्यावं. शंका आल्यास मला विचारावं.' खाली घरचा फोन नंबर. जाड्याला वाचून दाखवली, दोघं पोट धरून हसलो. आपला आळस झाकायची काय ऐट! ओळ पुसली.

नियम लिहिला: म्हातारीत रिकामं असेल तर बाकी तिघींकडचा सगळ्यात ताजा पत्ता घ्यायचा आणि भरायचा.

९ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. दर रविवारी वेगळ्या नंबरवरून येतो. डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही म्हणाली — गुणीने उलथन्याने मारलं होतं तो कान. दवाखान्यात जाते नियमित. घराला दोन खिडक्या आहेत. झोपताना दारामागे टेबल लावते. 'पण झोप लागते गं ताई. दिवसासुद्धा लागते.'

मी इस्त्रीचं सांगितलं. तिने सगळं परत सांगायला लावलं. मग म्हणाली, 'कुठला हात?' उजवा म्हटल्यावर इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

११ मार्च, मंगळवार

चाचणी. रिकाम्यांतली पहिलीच नोंद घेतली, खरीखुरी. जाड्या म्हणाला, खोटी बनवून घे. कशाला? वेळ कुठंय! बटण दाबलं — दवाखान्याकडून पत्ता आला, रिकाम्या जागेत जाऊन बसला. पहिल्या फटक्यात! खुर्चीतून उठून जाड्याच्या पाठीत गुद्दा घातला, तो कळवळला.

कोपऱ्यात काहीतरी चमकलं, 'पत्र विभाग: १ रवाना'. म्हणजे तिकडची जोडणीही चालतेय. छान.

१४ मार्च, शुक्रवार

पाणीवाली मारली. शाळावाली मारली. दवाखान्यावाली मरताना तडफडली — तिच्यावर कोणकोण लटकलं होतं कोण जाणे, दुपारभर फोन. साहेब येऊन ओरडले, मी त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडले. सगळं ऑफिस बघत होतं.

म्हातारी सोमवारी.

१७ मार्च, सोमवार

म्हातारीला दहा वाजून पाच मिनिटांनी मारलं. एक तक्रार नाही. अशी गेली की जणू नव्हतीच.

अकराला पत्र विभागातल्या बाईंचा फोन, 'अहो, एकदम तीनशे अकरा पत्रं छापून पडलीत, काय गडबड?' गडबड नाही म्हटलं, वर्षानुवर्षं चुकलेले पत्ते दुरुस्त झालेत. अभिमानाने सांगितलं! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

१९ मार्च, बुधवार

त्याने

हात चालत नाही. उद्या.

२० मार्च, गुरुवार

डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. सगळं लिहिणार, एकही गोष्ट गाळणार नाही.

काल अकराला ऑफिसात फोन. गुणी. 'ताई, तुम्ही सांगितला नाहीत, पण तुमच्या ऑफिसने सांगितला बघा. छापील पत्राने. तुमचे फार उपकार झाले.' आणि ठेवला.

दोन मिनिटं मला काहीच कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. तीनशे बारा रिकामे पत्ते कोणी विसरलेले नव्हते. लपवलेले होते. ज्यांच्या जिवावर घरचंच कोणीतरी उठलंय, त्यांचे. म्हातारी सगळ्यांना 'माहीत नाही' म्हणायची. जाणूनबुजून खोटं बोलायची, पाच महिने माझ्या बहिणीसाठीसुद्धा! आणि मी तिला मारलं.

धाकटीचं नाव मशीनमध्ये पहिल्यांदा टाकलं. पत्ता लगेच आला. ऑफिसपासून चालत वीस मिनिटं. पाच महिने ती वीस मिनिटांवर होती. जाड्याला ओरडून सांगितलं, पोलिसांना पाठव, पत्रं थांबव, आजोबांना फोन कर — नंबर मी पुसलाय, शोध! आणि पळाले.

तिसरा मजला. दार मधोमध फाटलेलं. आतलं टेबल आडवं. तो तिला केसांनी धरून खिडकीकडे ओढत होता, डाव्या हाताने, कारण उजव्याला अजून पट्टी. उजव्यात हातोडी धड धरता येत नव्हती म्हणूनच ती जिवंत होती. मी त्याच्या पाठीवर उडी घेतली, कानाला चावले, तोंडात रक्त आलं. त्याने मला झटकलं, हातोडी माझ्या मनगटावर बसली. आवाज मी ऐकला. तेवढ्यात धाकटीने मागून स्टूल उचलून त्याच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यावर बसला. परत घातलं. तो पडला. परत. स्टुलाचा एक पाय तुटला तेव्हा तिने उरलेले तीन वापरले.

मी थांब म्हटलं नाही. एकदाही नाही.

मेला नाही. दवाखान्यात आहे, दाराशी पोलीस. जबडा आणि तीन बरगड्या.

जिन्यात बसल्यावर तिला सांगितलं, ते रिकामं मीच भरलं. तिने ओढणीने माझं मनगट बांधलं. मग — 'माझं नाव टाकून बघितलं नव्हतंस ना? शपथ पाळलीस?' पाळली म्हटलं. फुटलेल्या ओठाने हसली. 'बघितलं असतंस तर पत्ता रिकामा दिसला असता, मीच लपवायला सांगितलेला. तुला तिथेच कळलं असतं गं.'

२१ मार्च, शुक्रवार

आजोबा भेटले. जाड्याने तासाभरात शोधून काढलं होतं त्यांना, परवापासून माझ्याच खुर्चीत बसलेत. म्हातारीला उठवलंय. रिकामं पुन्हा रिकामं. मला वाटलं, कानाखाली ओढतील. मीच म्हटलं, मारा. 'ओळ वाचली होतीस?' वाचली. 'मग फोन का नाही केलास, बाळा?' मारलं असतं तर बरं झालं असतं.

एकशे सव्वीस पत्रं टपालातून परत मिळाली. बाकीची पोचली. सगळ्यांना फोन चाललेत — नावं, नंबर आता आमच्यापुढे उघडे. साहेब, जाड्या, पत्र विभागातल्या बाई, मी. 'आत्ताच्या आत्ता घर सोडा, गाडी पाठवतोय.' एक बाई काही न बोलता किंचाळत राहिली. एकीने शांतपणे विचारलं, 'चप्पल घालायला वेळ आहे का?'

२२ मार्च, शनिवार

एकजण मागच्या खिडकीतून उडी मारून सुटली. पाय मोडला. एकीच्या दाराला सुरे मारल्याच्या खुणा, ती कामावर होती म्हणून वाचली. एकीच्या भावाला भोसकलंय, शुद्धीवर आहे. हे सगळं माझं आहे. माझ्या एका ओळीचं.

धाकटी माझ्या पलंगावर झोपलीय. दारामागे टेबल लावायचं का विचारलं. लाव म्हणाली.

२३ मार्च, रविवार

यादी संपली. तीनशे अकराच्या तीनशे अकरा जण सापडले. जिवंत! जाड्या टेबलावर डोकं ठेवून रडला. मी स्वच्छतागृहात जाऊन फरशीवर बसून हसले.

२४ मार्च, सोमवार

आजोबा यादीवर बोट फिरवत म्हणाले, 'तीनशे बारा नोंदी होत्या ना गं?'

चाचणीची नोंद. अकरा तारखेची. तिचं पत्र एकटंच, सगळ्यांच्या आधी गेलं होतं, म्हणून या यादीत नव्हतंच. त्या बाईचा नंबर मीच लावला. दुसऱ्या घंटेला उचलला. पुरुषाचा आवाज. मी ऑफिसचं नाव सांगितलं.

'हां हां, तुमचं पत्र मिळालं. दहा दिवस झाले. पत्ता अगदी बरोबर होता.'